आक्षेपराव मोटारसायकल शिकतात

आमचे हे लेखापरीक्षक होते. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामात चुका शोधायच्या, त्यांना आक्षेप असं भारदस्त नाव द्यायचं आणि त्याचाच पगार घ्यायचा. या कामात यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. कचेरीत सगळे यांना पाठीमागे आक्षेपराव म्हणायचे. ते यांच्या कानावर आलं, तेव्हा त्या नावावरही यांनी आक्षेप घेतला होता. निवृत्त झाल्यावर कचेरी सुटली, पण जित्याची खोड सुटते थोडीच. आता माझा चहा, शेजाऱ्यांचं फाटक आणि रस्त्यावरची समस्त वाहतूक एवढ्यांवरच त्यांना भागवावं लागतं.

वाहतुकीवर यांचा विशेष राग. यांच्या मते या गावात नीट गाडी चालवणारा एकच माणूस आहे, आणि त्याच्या मागे मी बसते. "इतकी वर्षं मोटारसायकल चालवतोय, एक ओरखडा नाही," असं हे येईल त्याला ऐकवतात. यांच्या अंगावर नाही, हे खरंच आहे. एक माझ्या गुडघ्यावर आहे आणि एक शेजाऱ्यांच्या फाटकावर आहे. पण त्यात यांचा काही दोष नव्हता, फाटक अचानक समोर आलं होतं.

अचानक हा यांचा लाडका शब्द. बस अचानक थांबते, तीही थांब्यावर. सिग्नल अचानक लाल होतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो गतिरोधक आहे, तो मी लग्न होऊन या घरात आले तेव्हाही तिथेच होता, पण आठवड्यातून एकदा तरी तो यांच्यासमोर अचानक येतो. अशा वेळी मी मागच्या सीटवर उजवा पाय दाबून धरते. तिथे ब्रेक नाही हे मला ठाऊक आहे. पाय ऐकत नाही.

संध्याकाळी बागेजवळच्या कट्ट्यावर यांची बैठक. तिथे औषधांचं दुकान मुलाकडे सोपवलेले एक गृहस्थ येतात, त्यांना सगळे औषधवाले म्हणतात. ते आणि बाकीचे चार रिकामे लोक यांची वाट बघत बसलेले असतात, कारण यांच्याकडे रोज एक ताजी गोष्ट असते. आज ट्रक अंगावर येत होता, असा कट मारला. आज मोटारीचं दार उघडलं, केसभर अंतराने वाचलो. ट्रकवाला आंधळा, मोटारवाला माजलेला आणि हे सहीसलामत, अशी प्रत्येक गोष्टीची मांडणी. कट्टा माना डोलवायचा आणि हे छाती काढून घरी यायचे.

सगळं असंच चालू राहिलं असतं, पण घोडं अडलं नातीपाशी. आमची लेक आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. ती परिचारिका आहे, अपघात विभागात. जावई कामानिमित्त बाहेरगावी असतात. नात पाच वर्षांची, नाव चांगलं ठेवलंय पण घरात ठकीच. ही ठकी शाळेच्या व्हॅनमध्ये बसली की रोज ओकायची. व्हॅन गावभर फिरून पोरं गोळा करते, त्यात तिचं पोट ढवळून निघायचं. एके दिवशी तिला तशी मलूल उतरताना पाहून यांनी जाहीर केलं, "उद्यापासून व्हॅन बंद. मी सोडणार मोटारसायकलवर."

ठकीने तिथल्या तिथे उडी मारली. लेक मात्र म्हणाली, "नाही, बाबा."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. तुमच्या गाडीवर मी तिला बसवणार नाही."

यांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. जगातल्या सगळ्यांवर आक्षेप घेणाऱ्या माणसावर पोटच्या पोरीने आक्षेप घेतला होता. माझ्या मनात थोडं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण यांचा चेहरा पाहिला आणि तेही गेलं. नोकरी संपल्यापासून या माणसाला कुणी काही काम सांगितलं नव्हतं. नातीला शाळेत सोडणं हे एकच काम त्यांनी स्वतःहून मागितलं होतं.

लेक समजुतीने म्हणाली, "बाबा, आमच्याकडे रोज येतात. कुणाचा पाय, कुणाचं डोकं. शुद्धीवर आले की सगळे एकच सांगतात, अचानक मधे आला हो. तुमच्या तोंडी तो शब्द आला की मला आमच्याकडच्या खाटा दिसतात." मग तिने एक मार्ग काढला. गावाबाहेर एक मास्तर मोटारसायकलचं प्रगत प्रशिक्षण देतात. ज्यांच्याकडे परवाना आहे, जे रोज गाडी चालवतात, त्यांच्यासाठीच ते आहे. "तुम्ही ते करा. मास्तर आता हरकत नाही म्हणाले, की मी ठकीला तुमच्या मागे बसवीन. माझा शब्द."

"मला शिकायला पाठवतेस? माशाला पोहायला शिकवायचं?" हे म्हणाले. मग त्यांनी प्रगत या शब्दावर आक्षेप घेतला. "प्रगत म्हणजे सर्कस. आगीच्या कड्यातून उड्या मारायच्या. मला बाजारातून भाजी आणायची असते, त्याला प्रगत कशाला लागतंय?"

पण ठकीने तोवर वर्गात सांगून टाकलं होतं की मी आजोबांच्या गाडीवरून येणार आहे. बाईंनाही सांगितलं होतं. झक मारत हे तयार झाले. लेकीने मला बाजूला घेतलं. "आई, तू बरोबर जा. नाहीतर बाबा कोपऱ्यावर चहा पिऊन परत येतील आणि शिकलो म्हणतील."

मैदानावर प्लॅस्टिकचे शंकू मांडलेले होते आणि यांच्यासारखीच तोंडं केलेले सात-आठ पुरुष आपापल्या गाड्यांना टेकून उभे होते. प्रत्येकाला कुणी ना कुणी ढकलून पाठवलेलं दिसत होतं, बायकोने, आईने, एकाला तर साहेबाने. मास्तर यांच्याच वयाचे, पोट सुटलेले. बोलणं इतकं सावकाश की वाक्य संपेपर्यंत माणसाला जांभई यावी. आगीचं कडं कुठेही नव्हतं.

"प्रत्येकाने सांगा," मास्तर म्हणाले, "शेवटचं थोडक्यात कधी वाचलात."

हे म्हणजे आयतं ताट मिळाल्यासारखे पुढे सरसावले. ट्रकची गोष्ट सुरू झाली. "मी माझ्या बाजूने व्यवस्थित चाललो होतो. आणि अचानक..."

"थांबा, साहेब," मास्तरांनी हात वर केला. "या मैदानावर अचानक हा शब्द बंद आहे. जो म्हणेल त्याने गाडी ढकलत मैदानाला एक फेरी मारायची."

यांनी कायदेशीर हरकत घेतली. शब्दावर बंदी कशी घालता, वगैरे. मग मुद्दा पटवून देताना म्हणाले, "पण ट्रक खरोखरच अचानक आला." झाली एक फेरी. घाम पुसत परत आले आणि म्हणाले, "ही शिक्षा मला अचानकच झाली." दुसरी फेरी. तिसऱ्यांदा तो शब्द ओठावर आला तेव्हा यांनी गाडीकडे पाहिलं आणि तो गिळून टाकला.

मग मास्तरांनी ब्रेकचं विचारलं. "पुढचा ब्रेक कधी वापरता, साहेब?"

"कधीच नाही," हे अभिमानाने म्हणाले. "पुढचा लावला की माणूस तोंडावर पडतो."

"कुणी सांगितलं?"

"थोरल्या बंधूंनी. त्यांनीच गाडी शिकवली."

"त्यांना कुणी शिकवली?"

"त्यांच्या मित्राने."

"आणि मित्राला हे कसं कळलं?"

हे जरा घुटमळले. "तो पडला होता तोंडावर."

कुणी हसलं नाही, कारण बाकीच्यांनाही असाच कुणीतरी भेटलेला होता. गाडी थांबवण्याचं निम्म्याहून जास्त काम पुढचा ब्रेक करतो, तो एकदम आवळायचा नाही, दाबत न्यायचा, हे त्या सगळ्या अनुभवी मंडळींना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. यांच्या गाडीचा पुढचा ब्रेक तर इतकी वर्षं निव्वळ शोभेला होता. लहान पोराला धरून चालायला शिकवावं तसं मास्तरांनी यांना शंकूंमधून चालण्याच्या वेगाने फिरवलं, आणि हे तीनदा आडवे झाले. पडले तरी नाक वरच. शंकू फार जवळ मांडलेत, असा आक्षेप नोंदवून झाला.

घरी येताना मी मागे उजवा पाय दाबून बसले होते. हे म्हणाले, "पालथ्या घड्यावर पाणी आहे सगळं." घडा कोण, हे मी विचारलं नाही.

खरी मजा रस्त्यावरच्या धड्याला आली. त्यात शिकणाऱ्याच्या हेल्मेटमध्ये छोटा माईक आणि ऐकायचं यंत्र लावतात. तो पुढे चालवणार, मास्तर मागून दुसऱ्या गाडीवर. शिकणाऱ्याने जे दिसतंय आणि आपण जे करणार ते सगळं मोठ्याने बोलत जायचं. मास्तर मला म्हणाले, "वहिनी, बसा माझ्या मागे. तुम्हीही ऐका." माझ्या कानालाही त्यांनी यंत्र लावून दिलं. परपुरुषाच्या मोटारसायकलवर मी जन्मात पहिल्यांदा बसत होते. यांनी त्यावर आक्षेप घ्यायला तोंड उघडलं, पण माईक चालू होता.

हे निघाले आणि बोलू लागले. कचेरीतला तोच आवाज. "पांढरी मोटार. इशारा न देता वळलेली आहे. आक्षेप. सायकलवाला, रस्त्याच्या मध्यातून चाललेला आहे. आक्षेप. पादचारी महिला, फोनवर बोलत रस्ता ओलांडत आहेत. गंभीर आक्षेप. बस, थांब्यापासून लांब उभी केलेली आहे..."

"साहेब," मास्तर म्हणाले, "तुम्ही काय करणार तेही सांगा."

"मी काय करणार? चूक त्यांची आहे."

"चूक त्यांचीच आहे. हाड तुमचं आहे."

यांनी उत्तरादाखल हॉर्न वाजवला. मग मास्तर त्यांच्या सावकाश लयीत म्हणाले, "साहेब, तुम्ही आक्षेप छान घेता. फक्त उशिरा घेता. ती मोटार वळून गेल्यावर तुम्ही म्हणालात वळली. वळायच्या आधी घ्या की आक्षेप. ती वेग कमी करतेय, चाक जरा कलतंय, तेव्हाच लिहून टाका की ही वळणार."

यांची गाडी हळू झाली. कानात आवाज आला, "म्हणजे पूर्वतपासणी."

"काय?"

"खर्च झाल्यावर तपासायचं ते एक. खर्च होऊ द्यायच्या आधी तपासायचं, ती पूर्वतपासणी. फार कडक असते. मी स्वतः सुरू केली होती आमच्याकडे."

"मग तीच करा."

आणि मंडळी, हा माणूस बदलला असं मी म्हणणार नाही. उलट तो जसा होता तसाच पूर्णपणे कामाला लागला. "उभा ट्रक. आडून माणूस निघण्याची शक्यता. आक्षेप. बाजूला सरतोय, वेग कमी. रांगेत उभ्या मोटारी. तिसरीत माणूस बसलेला. दार उघडणार. आक्षेप. लांबून जातोय." तिसऱ्या मोटारीचं दार उघडलं. हे केव्हाच पलीकडून गेले होते. जगातला प्रत्येक माणूस चूक करणारच, यावर यांची आधीपासून श्रद्धा होती. मास्तरांनी तिला फक्त थोडं अलीकडे ओढलं होतं.

मी मास्तरांच्या मागे बसून ऐकत होते. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की माझा उजवा पाय स्वस्थ आहे. मागे बसणं इतकं साधं असतं, हे मला या वयात कळत होतं. फार राग आला मला, कुणाचा ते नीट सांगता येणार नाही.

पुढच्या काही आठवड्यांत यांनी घर डोक्यावर घेतलं. पूर्वतपासणी सर्वत्र सुरू झाली. "दूध. कडेला फुगतंय. उतू जाण्याची शक्यता." एवढं बोलून हे ओट्यापाशी उभे राहायचे आणि दूध उतू जायचं. "मग गॅस बारीक का नाही केला?" मी विचारायची. "ते तुझं खातं," हे म्हणायचे. पाहुणे दारात आले की ते केव्हा उठतील याचा अंदाज त्यांच्या तोंडावर सांगायचे. नव्याचे नऊ दिवस म्हणून मी सोडून दिलं.

कट्ट्यावर मात्र यांची पंचाईत झाली. मी एकदा भाजी घेऊन तिथून जात होते तेव्हा माझ्या कानांनी ऐकलं. औषधवाले विचारत होते, "मग, आज काय झालं?"

"काही नाही," हे म्हणाले.

"काल?"

"कालही काही नाही. एक बस वळणार होती, मी आधीच थांबलो. मग ती वळली."

"आणि?"

"आणि मी पुढे गेलो."

कट्ट्यावरच्या एकाने घड्याळ पाहिलं. औषधवाले शेवटी म्हणाले, "राग मानू नका, पण मग शिकून फायदा काय झाला? आधी रोज एका अपघातातून तुम्ही वाचत होतात. आता एकातूनही वाचत नाही." बाकीच्यांनी माना डोलावल्या. हे उठले. घरी येऊन बराच वेळ खिडकीशी बसले होते. मला त्यांची दया आली. नीट चालवणाऱ्या माणसाला सांगण्यासारखी गोष्टच उरत नाही आणि गोष्ट नसलेल्या माणसाला कट्ट्यावर कोण विचारतो. तरी दुसऱ्या दिवशी हे पुन्हा मैदानावर गेले, कारण ठकी रोज संध्याकाळी विचारायची, "आजोबा, झालं का शिकून?"

शेवटी मास्तरांनी प्रशिक्षणाच्या दाखल्यावर सही केली. त्या दिवशी मी यांच्याच मागे बसून घरी आले. गल्लीत शिरलो, उतरलो, आणि मग मला आठवलं की मधे गतिरोधक होता. मला रडू आलं. हेल्मेट होतं म्हणून कुणाला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक ठकीला घेऊन खाली आली. ठकीला नवं हेल्मेट, बंद बूट, अंगात जाड जाकीट, पाठीला दप्तर. लेक कामाला जायच्या कपड्यांत होती. तिने मास्तरांची सही पाहिली आणि म्हणाली, "ठीक आहे, बाबा. शब्द दिलाय मी." चेहरा पांढरा पडला होता, पण ती पायरीवर उभी राहिली आणि ठकीला स्वतः उचलून मागच्या सीटवर बसवलं.

गल्लीतून त्या वेळी शाळेला जाणाऱ्यांची रांगच असते. कुणी पोराला टाकीवर बसवलेलं, कुणी दोघांना मधे कोंबलेलं, एक तर झोपलेलं पोर एका हाताने धरून चाललेला. सगळे यांना हात करत होते. हे गाडीभोवती फिरून चाकं पाहत होते, साखळी पाहत होते. मग ठकीपाशी येऊन थांबले.

"पाय टेकव," हे म्हणाले.

"कुठे, आजोबा?"

"तिथे. पायाला जागा आहे ना, तिच्यावर."

ठकीने पाय ताणले. बुटाचं टोक आणि ती लोखंडी पट्टी यांच्यात वीतभर अंतर राहिलं. ती सीटवरून पुढे घसरली, मग जरा एका बाजूला कलली, मग एक पाय टेकला आणि दुसरा आणखी वर गेला. "टेकला," ती म्हणाली.

हे नुसते बघत होते. मग त्यांनी स्वतःचं हेल्मेट डोक्यावर होतं तसंच ठेवून तिला उचललं आणि खाली उभं केलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"पाय टेकत नाहीत. वळणावर ती कशाच्या आधाराने बसणार?"

"अहो, सही दिलीय ना मास्तरांनी."

"ती मला दिलीय. हिच्या पायांना नाही दिली." मग ठकीकडे वाकून म्हणाले, "पाय टेकले की नेईन. त्याआधी नाही."

ठकीने असा भोंगा पसरला की समोरच्या खिडक्या उघडल्या. तू खोटारडा आहेस, मी बाईंना सांगितलंय, मी व्हॅनमध्ये मेले तरी बसणार नाही. हे ऐकत उभे राहिले. या माणसाने यासाठी मैदानाला फेऱ्या मारल्या होत्या, यासाठी कट्टा घालवला होता, आणि गल्लीतले सगळे आपापली पोरं घेऊन समोरून चालले होते. यांनी एकदा गाडीकडे पाहिलं. पण हे हलले नाहीत.

"बाबा," लेक कशीबशी म्हणाली, "मी नाही म्हणत नाहीये."

"मी म्हणतोय," हे म्हणाले.

लेक मटकन पायरीवर बसली आणि ओंजळीत तोंड धरून रडायला लागली. यांना काही समजेना. एक पोर रस्त्यावर रडतंय, एक पायरीवर. "तुला काय झालं? यात रडण्यासारखं काय आहे?" हे वैतागून म्हणाले. "चला, उशीर होतोय." त्यांनी ठकीच्या पाठीवरचं दप्तर काढून स्वतःच्या खांद्याला लावलं, तिचा हात धरला आणि चालू लागले. शाळेपर्यंत चालत जाता येतं, हे आमच्या घरात आजवर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण दारात मोटारसायकल होती. ठकी हेल्मेट काढायला तयार नव्हती आणि यांना काढायची आठवण नव्हती. डोक्यावर हेल्मेट चढवून दोघं पायी निघालेले पाहून लोक गाड्या हळू करून बघत होते.

मी लेकीशेजारी बसले. तिने नाक पुसलं. "रात्रभर डोळा लागला नाही, आई," ती म्हणाली. "शब्द दिला होता मी. बाबा एवढं शिकले. आता कुठल्या तोंडाने नाही म्हणणार होते त्यांना?"